ड्रायव्हरशेजारची जागा

१३ ऑगस्ट २००२, मंगळवार

आज दोनदा जेवायला बसले आणि दोनदा ताटावरून उठले. दुपारी तीनला रविराजला एकदाचं मुंबईला पाठवलं. अंबडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा बावीस वर्षांचा मुलगा. गेल्या बुधवारी पायांतली ताकद गेली, मग हातांतली, आणि काल श्वासाची. डोकं मात्र लख्ख जागं. घशात नळी घातली तेव्हा माझ्याकडे टक लावून बघत होता. या आजारात माणूस महिना-दोन महिने श्वासाच्या मशीनवर काढतो आणि मग स्वतःच्या पायांनी घरी जातो, हे मी त्याच्या आईला तीनदा समजावलं. पण आमची दोन्ही मशीन अडकलेली. मुंबईत एक मिळालं, ते तरी नशीब.

गेटवर हा गोंधळ. वरून पाऊस, माझ्या हातात ती काडी मोडलेली छत्री, आणि गाडीत मागे कोण बसणार यावरून भांडण. आई सिंधुबाई म्हणे मी पोराला सोडणार नाही. भाऊ म्हणे मी. मामा म्हणे घरातला मोठा माणूस मी. तिकडे सिझरला भूल द्यायला माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. शेवटी भावाला श्वासाचा फुगा कसा दाबायचा ते दाखवलं, तुझा एक श्वास की एक दाब, आणि तिघांनाही मागे कोंबलं. सोबत जाणारा आमचा नवा डॉक्टर धनराज भोये मागच्या दारात पाय ठेवून उभाच. त्याला म्हटलं, तुम्ही पुढे बसा हो, मागे जागा कुठाय. बसला जाऊन नाथा ड्रायव्हरशेजारी. गाडी गेली आणि मी सुटले.

सिझर नीट झालं, मुलगी झाली. घरी आले तर आरोहीने पोहे करून ठेवले होते. बारावीची पोरगी अभ्यास सोडून आईसाठी पोहे करते, तिला रागवावं की लाड करावे तेच कळेना. बकाबका खाल्ले.

१४ ऑगस्ट

रविराज गेला.

घाटात, कसाऱ्याच्या अलीकडे. नाथाने सकाळी येऊन सांगितलं. गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा नळी श्वासाच्या वाटेतून सरकली असणार. भाऊ फुगा दाबत राहिला आणि हवा पोटात जात राहिली. तीन माणसं त्याच्यावर वाकून बसलेली आणि हा का गुदमरतोय हे एकालाही कळलं नाही. तो जागा होता. हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि डॉक्टर कुठे? पुढे. काचेवरचा पाऊस बघत.

धनराजला खोलीत बोलावून काय काय बोलले ते लिहीत नाही. डॉक्टर पुढे बसतोच कसा, हे मात्र दहा वेळा विचारलं असेल. मान खाली घालून उभा राहिला, दगडासारखा. आयुर्वेदाची डिग्री, सुरगाण्याकडचा, पहिलीच नोकरी. मीच शब्द टाकून त्याला इथे लावलं होतं. माझंच चुकलं.

दिवसभर काहीतरी कुठेतरी विसरून आल्यासारखं वाटतंय. पर्स तपासली, किल्ल्या तपासल्या. सगळं जागेवर आहे.

२१ ऑगस्ट

विश्वस्तांची बैठक झाली. समोर तक्रारीचं पत्र, मामाच्या अक्षरातलं, खाली सिंधुबाईचा अंगठा. "सोबतचे डॉक्टर निष्काळजीपणे पुढे बसले." सिंधुबाई स्वतः आली नव्हती. अध्यक्ष निकमसाहेबांनी धनराजला विचारलं. तो म्हणाला, "मी पुढे बसलो होतो. चूक माझी आहे." का बसलात, तर गप्प. पुन्हा विचारलं, तर फक्त माझ्याकडे पाहिलं.

मला तिडीक आली. म्हटलं, साहेब, कारण काय शोधता? मान. आपल्याकडे डॉक्टर आला की पुढची सीट फडक्याने पुसून देतात आणि हे जाऊन बसतात जावयासारखे. पेशंट मागे, नातेवाईक मागे, डॉक्टर पुढे, ही गावोगावची पद्धत आहे. सगळे माना डोलवत होते. आपण बरोबर बोलतोय हे कळलं की माझा आवाज चढतो, तसा चढला.

ठरलं ते असं. अत्यवस्थ पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जिवंत कसा न्यायचा, हे मी तरुण डॉक्टरांना शिकवायचं. नाशिक, पिंपळगाव, वणीकडच्या छोट्या दवाखान्यांतून बोलवायचं, रविवारी सकाळी. धनराजनेही बसायचं. दसऱ्यानंतर त्याच्याबद्दल मी लेखी द्यायचं. 'योग्य' लिहिलं तर नोकरी राहील. नाही लिहिलं तर नोकरी जाईल आणि मामाचं पत्र पोलिसांकडे जाईल. निकमसाहेब म्हणाले, तुमचा शब्द शेवटचा.

बरं झालं. कुणीतरी हे शिकवायलाच हवं होतं.

१ सप्टेंबर, रविवार

पहिला वर्ग. नऊ जण आले. बहुतेक पंचविशीतले, सगळे आपापल्या दवाखान्यात सगळ्यांत खालचे, म्हणून गाडीबरोबर यांनाच पिटाळतात. शिकवलेलं कुणी काहीच नाही. एकाने तर सांगितलं, मला फक्त 'जा' म्हणाले, पेशंटला काय झालंय ते मी पोचल्यावर चिठ्ठी वाचून कळलं. हसले सगळे. मी नाही हसले.

फळ्यावर पहिला नियम लिहिला. डॉक्टरची जागा पेशंटच्या डोक्याशी. दुसरं काही नंतर. मग धनराजला उभं केलं आणि तोच नियम मोठ्याने वाचायला लावला. त्याने वाचला. आवाज थरथरला नाही याचाच मला राग आला. एवढं होऊन माणसाला काही वाटतच नाही का?

घरी येताना वाटलं, जरा जास्तच केलं मी. पण रविराजचे डोळे आठवले की दयामाया उरत नाही.

१५ सप्टेंबर

आज गाडीतला वर्ग. गोणपाटात भुसा भरून माणूस केला, तोंडाच्या जागी प्लास्टिकचा डबा, त्यात नळी. चेहऱ्याला घाम असतो म्हणून डब्याला तेल चोपडलं. प्रत्येकाने आपल्या पद्धतीने नळी पक्की करायची, मग नाथा कारखान्यांमागच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी नेणार. नाथाला सांगितलं, बिलकूल जपायचं नाही. तो म्हणाला, "बाई, जपून चालवायला शिकायला मला वीस वर्षं लागली, आता उलटं शिकवता." पण नेली.

आठ जणांच्या चिकटपट्ट्या दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्याला सुटल्या. धनराजने पट्टी लावलीच नाही. सुती कापडाची चिंधी घेतली, नळीला दोन वेढे, एक पीळ, मग मानेमागून आणून गाठ. भाताच्या पेंढ्या आमच्याकडे अशा बांधतात, म्हणाला. गाडी परत आली तरी नळी सूतभर हलली नव्हती. बाकीच्यांनी त्याच्याकडून ती गाठ शिकून घेतली. मीही शिकले, पण मागे उभी राहून, त्याला दिसणार नाही अशी.

रविराजलाही चिकटपट्टीच होती. मीच लावली होती. असू दे, सगळे भूलतज्ज्ञ तीच लावतात.

२२ सप्टेंबर

आज धनराजने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, मॅडम, नाथामामांना वर्गात बोलवा. मला कळेना ड्रायव्हरचं इथे काय काम. आला नाथा, टोपी हातात घेऊन दाराशी उभा. धनराजने विचारलं, मागून काच बडवली की तुम्ही काय समजता?

"पळव, असं समजतो," नाथा म्हणाला. "नातेवाईक सगळ्यांत जास्त तेच सांगत्यात. त्या दिवशीबी लय बडवलं. मी गाडी पळवली."

ते लोक थांब म्हणत होते. पोरगं निळं पडत होतं, आई काचेवर मुठी मारत होती, आणि गाडी जोरात जात होती. नाथा खाली बघून टोपी चुरगाळत होता. कुणी सांगितलंच नाही साहेब आम्हाला कधी, एवढंच म्हणाला.

मग नवा नियम केला. सावकाश तीन ठोके म्हणजे थांब, आणि ड्रायव्हरने काहीही न विचारता थांबायचं. आणि पुढच्या रविवारपासून ड्रायव्हरही वर्गात बसणार. हे मला आधी सुचायला हवं होतं. वीस वर्षं मी माणसं गाडीत घालून पाठवतेय आणि गाडी चालवणाऱ्याशी एकदाही बोलले नव्हते.

पण धनराजचा डाव मला कळला. दोष नाथावर ढकलायचा. भर वर्गात त्या म्हाताऱ्याला रडवलं. वर्ग संपल्यावर दोघं अंगणात शेजारी उभे राहून चहा पीत होते, नाथाचा हात याच्या खांद्यावर. नाथाच्या भोळेपणालाही सीमा नाही.

६ ऑक्टोबर

धनराजवरच्या अहवालाचा मसुदा लिहिला. हात चांगला, लक्ष चांगलं, घाबरत नाही. तरीही 'योग्य नाही'. कारण तो त्या दिवशी पुढे का बसला हे दोन महिन्यांत सांगू शकलेला नाही. ज्याला आपल्या चुकीचं कारण माहीत नाही तो ती पुन्हा करणार. वाक्य चांगलं जमलंय. बैठकीत वाचून दाखवीन.

लिहिल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्याची बायको आज मुलीला कडेवर घेऊन गेटवर आली होती, त्याचा डबा घेऊन. मला बघून पदर सावरला आणि नमस्कार केला. मी घाईत असल्यासारखं दाखवलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खूप उशीर झालाय. पण आज लिहायलाच हवं.

सकाळी दहाला वणीहून तिथल्या डॉक्टरांचा फोन. भागीबाई, तीस वर्षांची, नागली कापताना मण्यारीसारखा साप चावला. लस दिलीय, पण डोळ्यांच्या पापण्या मिटत चालल्यात, श्वास बसतोय. नशिबाने आज आमचं एक मशीन रिकामं. ठरवलं, हीच धनराजची परीक्षा. मी फक्त बघायला जाणार.

नवरात्र म्हणून वणीच्या रस्त्यावर देवीच्या गडावर जाणाऱ्यांची रीघ. नाथाने कशीबशी वाट काढली. पोचलो तेव्हा बाई ओठांपर्यंत निळसर. धनराजने नळी घातली, एकदाच, आणि ती त्याच्या गाठीने बांधली. मी निघायची घाई करत होते. त्याने ऐकलं नाही. अर्धा तास तिथेच थांबून रक्तदाब, लस, ऑक्सिजनच्या टाकीचा काटा, टाकी उघडायचा पाना स्वतःच्या खिशात, सगळं बघितलं. मीच वर्गात सांगितलेलं, आधी पेशंट सावरा मग गाडी हलवा. तरी मला ते तेव्हा सुचत नव्हतं आणि त्याला सुचत होतं.

बाईला ऐकू येत होतं. तो तिच्या कानाशी तोंड नेऊन तिच्या बोलीत काय काय सांगत होता. मला त्यातलं निम्मंच कळलं. मी हात काढणार नाही, एवढं कळलं.

गाडीत चढताना तोच गोंधळ. नवरा चंदर, सासू, दीर, सगळ्यांना मागे बसायचं. वणीचे डॉक्टर माणूस भला. त्यांनी वरवरचं नव्हे, खरंच मानाने म्हटलं, भोयेसाहेब, तुम्ही पुढे आरामात बसा, मागे घरची माणसं बसतील, तासाभराचा तर रस्ता.

धनराज मागच्या दारात पाय ठेवून उभा होता. म्हणाला, "नाही साहेब. मागे एकदा ऐकलं. आता नाही ऐकणार." मग माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडम, मागे मी आणि चंदर, दोघंच. तुम्ही पुढे बसा.

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा पेशंट मागे असताना पुढे बसले. सासू आणि दीर मागून जीपने आले.

पुढे काही कळत नाही. खरंच काही कळत नाही. मधल्या काचेवर पडदा, इंजिनची घरघर, समोर टेम्पो आणि झेंडे घेतलेले लोक. मागे माणूस जगतंय की मरतंय, काही म्हणजे काही नाही. मान वळवून वळवून दुखायला लागली. नाथा म्हणाला, नका बघू बाई, हितून दिसत नाय.

मी म्हटलं, कुणाचं ऐकलं म्हणे यानं मागे? नाथाने गिअर बदलला.

दिंडोरी सोडली आणि काचेवर ठोके पडले. सावकाश, तीन. नाथाने काही न विचारता गाडी कडेला घेतली. मी उडी मारून मागे धावले, दार उघडलं. धनराज पायाने पंप दाबत नळीतून चिकट काळपट कफ ओढत होता, कपाळावर घाम, पण हात घाईत नाहीत. चंदर फुग्याकडे बघून रडत होता. मिनिटभर झालं असेल. मग फुगा जोडला, दाबला, आणि दोन्ही बाजूंनी छाती नीट वर आली. "अडकला होता. निघाला. बसा मॅडम पुढे," एवढंच म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

तो पुढे असता तर बाई दिंडोरीच्या वेशीवर गेली असती. चंदर फुगा दाबत राहिला असता. मी पुढे जाऊन बसले.

नाथाने गाडी हलवली. मग रस्त्यावरची नजर न काढता बोलला.

"बाई, तुमचंच ऐकलं व्हतं त्यानं. पाऊस पडत व्हता. तुमच्या हातात छत्री व्हती मोडकी. तुम्ही म्हनला, पुढं बसा, मागं जागा कुठाय."

मी त्याला खोटारडा म्हटलं. म्हाताऱ्याला, तोंडावर.

भागीबाई मशीनवर आहे. बोटं हलवतेय. मी घरी आले आणि ही वही काढली. मी डायरी लिहिते, मागे जाऊन कधी वाचत नाही. १३ ऑगस्टचं पान काढलं. आहे. माझ्याच अक्षरात आहे. छत्रीसुद्धा आहे. पुढे पोह्यांचं पण आहे.

दोन महिने. त्याला भर वर्गात उभं करून माझीच चूक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. विसरले होते की विसरायचं होतं, कुणास ठाऊक. मला माझी किळस येतेय.

१२ ऑक्टोबर

सकाळी धनराजला गाठलं, भागीबाईच्या पलंगाशी. वही पुढे केली. त्याने वाचली नाही, मिटून परत दिली. मी विचारलं, बैठकीत सांगितलं का नाही? मला घाबरलात? त्याने भागीबाईचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलंत हे खरं मॅडम. पण बसलो मी. पाय माझे होते."

मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी त्याची माफी मागितली. तो ओशाळला आणि बाईचा रक्तदाब मोजायला लागला.

आता प्रश्न माझा आहे. मसुदा फाडला ते ठीक. 'योग्य' लिहून वर साळसूदपणे सही ठोकता येईल. कुणी काही विचारणार नाही. नाथा बोलणार नाही, धनराज तर नाहीच नाही. दिवसभर तोच विचार करत होते हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी फार मोठी असल्याचा आव आणणार नाही. माझं नाव, माझा वर्ग, वीस वर्षांची नोकरी, आरोहीचं वर्ष. भीती वाटते. फार वाटते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

परवा दसरा झाला, आज बैठक. निकमसाहेब, बाकीचे विश्वस्त, मामा. आणि या वेळी सिंधुबाईही. मी निरोप पाठवला होता, त्यांनी यायलाच हवं म्हणून. भिंतीशी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. धनराज दाराशी.

मी अहवाल वाचला नाही. वही उघडली आणि १३ ऑगस्ट वाचलं, जसं लिहिलंय तसं. कोंबलं, सुटले, पोहे, सगळं. एक शब्द गाळला नाही. मग म्हटलं, पत्रात ज्याचं नाव आहे त्याच्या जागी माझं घाला. धनराज भोये योग्य आहेत. मी आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

मामा उठून तावातावाने बोलायला लागला. निकमसाहेब चष्मा पुसत बसले. तेवढ्यात सिंधुबाईने मामाला हाताने खाली बसवलं.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "मी तिथंच व्हते ना. पत्रात काय लिवलंय ते मला वाचून नाय दाखवलं कुनी. मी अंगठा दिला, कारन मला वाटलं माझंच नाव हाय त्यात. डाक्टर दारात उभा व्हता, आन् मी त्याला लोटून आत चढले. त्याच्या जागंवर मी बसले, बाई. दोन म्हयने झाले, मी नसते बसले तर, एवढंच येतंय मनात."

मला वाटत होतं गुन्हेगार एक. तिथे तिघं होतो, धनराज, सिंधुबाई आणि मी, प्रत्येक जण आपापल्या घरी तीच जागा घेऊन बसलेला. मी जाऊन सिंधुबाईंच्या पायाशी जमिनीवर बसले. म्हटलं, तुम्ही आई होतात, तुम्ही पोराजवळच बसणार. उतरा म्हणायचं काम माझं होतं. तुम्हाला ती जागा मी दिली. तुमची चूक नाही. पुन्हा म्हटलं, तुमची चूक नाही. त्या ऐकत होत्या, पण पटलं की नाही मला सांगता येत नाही.

पुढचं विश्वस्त सोमवारी ठरवतील. पत्र पोलिसांकडे गेलं तर माझ्या नावाने जाईल, तसं लेखी देऊन आले. रविवारचा वर्ग तोवर धनराजने घ्यायचा. पहिल्या नियमाखाली त्याला काय लिहायचं ते लिहू दे.

निघताना सिंधुबाईंनी धनराजला विचारलं, नाथाने सांगितली ती वणीची बाई जगली का. तो म्हणाला, जगली, काल नळी काढली, आज चहा मागितला. त्या म्हणाल्या, बरं झालं. त्याच्या बाहीला हात लावला आणि चालायला लागल्या.

मी गेटपर्यंत सोबत गेले. ऊन होतं, बाहेर रिक्षावाले ओरडत होते, नाथा गाडी धूत होता. गेटशी आल्यावर त्या थांबल्या आणि खाली रस्त्याकडे बघत राहिल्या.

"हितंच ना, बाई?"

हो, म्हटलं. इथेच.